हक्कच नाही, तर मग सही कशाला हवी?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: माझं वय ५६. माहेर सातारा जिल्ह्यात, सध्या राहायला पुण्यात. माझं लग्न १९९१ मध्ये झालं, वडील २००३ मध्ये गेले. आजोबांकडून आलेली सहा एकर जमीन आहे, त्यातली दोन एकर पाटाखाली भिजते. घरी ७८ वर्षांची आई आणि दोन भाऊ. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर भावांची नावं लागली; आईचं आणि माझं नाव 'इतर हक्कात' लिहिलं. आता थोरला भाऊ म्हणतो, 'भाऊबीजेला येशील तेव्हा रजिस्टर ऑफिसात जाऊन हक्कसोडपत्रावर सही करून टाक. तुझं लग्न ९४ च्या आधीचं, वडील २००५ च्या आधी गेले, कायद्यानं तुला काही मिळत नाही. ही नुसती फॉर्मॅलिटी आहे.' आईही अंगठा द्यायला तयार आहे, असं तो सांगतो. माझ्या लग्नात वडिलांनी कर्ज काढलं होतं, हे त्यानं ऐकवलं. नवरा म्हणतो सही करू नको, मुलगी म्हणते कोर्टात जा. मला जमीन नको आहे, पण फसवल्यासारखं वाटतंय. सही केली नाही तर माहेर तुटेल. काय करू?

उत्तर:

ताई,

'जमीन नको आहे, पण फसवल्यासारखं वाटतंय' या तुमच्या वाक्यापाशी मी थांबले. तालुक्याच्या कोर्टात वीसेक वर्षं काम करताना हे वाक्य मी कितीतरी बायकांच्या तोंडून ऐकलं आहे. बहुतेकींना खरंच जमीन नको असते. आपल्याला विचारलं जावं, एवढंच त्यांना हवं असतं. 'ताई, तुझा एवढा हिस्सा आहे, तू आम्हाला देशील का?' असं भावानं म्हटलं असतं, तर तुम्ही कदाचित हे पत्र लिहिलंच नसतं. तुम्हाला वाटतंय ते चुकीचं नाही. ते कुठून येतंय तेवढं बघू.

भावाच्या बोलण्यात दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत. तुला कायद्यानं काही मिळत नाही, ही एक. तुझी सही हवी, ही दुसरी. या दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. हक्कसोडपत्र म्हणजे मिळकतीत आपला जो हक्क आहे तो दुसऱ्या सहहिस्सेदाराच्या लाभात सोडून देण्याचा दस्त. जे मुळात नाही ते सोडता येत नाही. दुय्यम निबंधकाकडे जायचं, फोटो काढायचा, अंगठे द्यायचे, दोन साक्षीदार उभे करायचे, हा सगळा खटाटोप रिकाम्या हक्कासाठी कोणी करत नाही. आणि एकदा नोंदवलेलं हक्कसोडपत्र मन बदललं म्हणून मागे घेता येत नाही. ते रद्द करायचं तर फसवणूक किंवा दबाव झाल्याचं दिवाणी कोर्टात सिद्ध करावं लागतं, तेही साधारणपणे ती गोष्ट कळल्यापासून तीन वर्षांत दावा लावून. म्हणून 'नुसती फॉर्मॅलिटी' हा शब्द आधी मनातून काढून टाका. तुम्ही सही केलीत तर ते दान असेल. दान करायला काहीच हरकत नाही, पण आपण काय देतो आहोत हे देणाऱ्याला माहीत हवं.

तुमचा भाऊ मुद्दाम खोटं बोलतोय असं मी म्हणणार नाही. त्यानं सांगितलेल्या दोन्ही तारखांमागे खरा इतिहास आहे, फक्त तो अर्ध्यावर थांबलाय. हिंदू वारसा कायदा १९५६ चा. त्यात वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलगा सहदायाद, म्हणजे जन्मापासूनचा वाटेकरी होता, मुलगी नव्हती. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये स्वतःची दुरुस्ती करून मुलींना तो हक्क दिला, पण २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं. खेड्यापाड्यांत आजही 'लग्न ९४ च्या आधीचं का नंतरचं' हा प्रश्न विचारला जातो तो यामुळे. पुढे केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली आणि विवाहित-अविवाहित हा भेद संपला. मग नवा वाद उभा राहिला, त्या तारखेला वडील हयात असायला हवेत की नाही? २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, हवेत. तुमच्या भावाला कोणीतरी सांगितलंय ते इथपर्यंतचं. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठानं तो निर्णय बाजूला सारला. मुलीला हा हक्क मुलाप्रमाणेच जन्मानं मिळतो, त्यामुळे २००५ मध्ये वडील हयात होते की नव्हते यावर तो अवलंबून नाही, असं न्यायालयानं स्पष्ट केलं. १९९१ चं लग्न आणि २००३ चा मृत्यू, दोन्ही अडसर आज उरलेले नाहीत.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. अगदी १९५६ च्या जुन्या कायद्यानंही तुमचा हिस्सा शून्य नव्हता. वडिलांच्या मृत्यूच्या क्षणी वाटणी झाली असं मानायचं, त्यात वडिलांच्या वाट्याला जे येईल ते बायको, मुलगे आणि मुली यांच्यात सारखं वाटायचं, ही तरतूद तेव्हापासून आहे. तुमच्या घरात वडील, आई आणि दोन मुलगे असे चार वाटे धरले, तर वडिलांचा वाटा पाव. त्याचे पुन्हा चार भाग. म्हणजे तुम्हाला सोळावा हिस्सा. सहा एकर म्हणजे २४० गुंठे, त्यातले १५ गुंठे तेव्हाही तुमचेच होते. आजच्या कायद्यानं तुम्हीही सहदायाद, म्हणून सगळी बेरीज केल्यावर आई, दोन भाऊ आणि तुम्ही, प्रत्येकाला पाव हिस्सा येतो. तुमचे ६० गुंठे, दीड एकर. जमीन वडिलांची स्वकष्टार्जित ठरली तरी त्यांचे वारस तुम्ही चौघंच, त्यामुळे उत्तर तेच.

हे गणित बदलू शकेल अशा गोष्टी मात्र तपासाव्या लागतील. वडिलांनी मृत्युपत्र केलं होतं का? केलं असेल तर ते त्यांच्या स्वतःच्या वाट्यापुरतंच चालेल, पण तेवढ्यापुरतं चालेल. आजी २००३ मध्ये हयात होती का? असेल तर वडिलांच्या वाट्यात तिचाही भाग. आणि २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत वाटणीपत्रानं किंवा कोर्टाच्या हुकुमानं वाटणी झाली होती का? झाली असेल तर ती मोडता येत नाही. 'तोंडी वाटणी झाली होती' एवढ्या बोलण्यावर कोर्ट सहसा विसंबत नाही. त्याला जुन्या सरकारी कागदाचा भक्कम आधार लागतो.

आता 'इतर हक्का'बद्दल. आपल्याकडे ही जुनी खोड आहे. मुलगे कब्जेदार सदरी, म्हणजे मालकाच्या रकान्यात, आई आणि मुली इतर हक्कात. तलाठी ऑफिसात पूर्वी हे जणू ठरलेलंच होतं, आणि हजारो बायकांनी आपलं नाव त्या शेवटच्या रकान्यात पाहून 'म्हणजे आपला काही हक्क नाही' असं मानून घेतलं. तसं नाही. सातबारा मुळात जमीन महसुलाचा कागद आहे. फेरफारानं, म्हणजे त्यावरची नावं बदलल्याच्या नोंदीनं, कुणाला मालकी मिळत नाही, आणि कुणाची जातही नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितलं आहे. तुमचं नाव कुठल्यातरी रकान्यात आहे, ही तर तुमच्या बाजूची गोष्ट. घरच्यांनी आणि सरकारी दप्तरानं तुम्हाला वारस मानल्याचा तो पुरावा आहे. भावांनी वीस वर्षं एकट्यानं जमीन कसली म्हणून ती त्यांची होत नाही. सहहिस्सेदाराचा कब्जा हा सगळ्यांच्या वतीनं धरला जातो. पण 'तुझा काही संबंध नाही' असं कोणी उघडपणे, लेखी कळवलं, तर त्या दिवसापासून बारा वर्षांची मुदत मोजायला सुरुवात होऊ शकते. असा कागद, नोटीस किंवा व्हॉट्सअॅपवरचा मेसेज आला तर जपून ठेवा आणि त्याकडे दुर्लक्ष करू नका.

लग्नाच्या खर्चाचं वाचून वाईट वाटलं. हे ऐकून किती बहिणी मान खाली घालतात! ताई, वडिलांनी तुमच्या लग्नात खर्च केला तो बाप म्हणून. कायद्यात लग्नखर्च हा हिश्श्याचा आगाऊ हप्ता नसतो, आणि त्यात हुंडा दिलेला असेल तर १९६१ पासून हुंडा देणं-घेणं हा गुन्हा आहे. तो हिश्श्यातून वजा करायचा प्रश्नच येत नाही. भावांच्या शिक्षणाचा, त्यांच्या लग्नांचा, त्यांनी वापरलेल्या विहिरीचा नि ट्रॅक्टरचा हिशोब कोणी मांडत नाही. मांडायचाच असेल तर सगळ्यांचा मांडावा लागेल.

इतकं तुमच्या बाजूचं. पण भावाच्या बाजूनंही बघायला हवं, कारण तुमच्या पत्रात त्याच्याविषयी राग कमी आणि काळजी जास्त दिसते. त्याला आत्ताच सही का हवी आहे, हे तुम्ही विचारलं आहे का? पत्रात त्याचा उल्लेख नाही. सातबाऱ्यावर सामाईक नावं असली की सोसायटीकडून पीककर्ज घ्यायला, विहिरीवर किंवा ठिबकवर अनुदान मिळवायला बाकीच्यांची संमतीपत्रं लागतात. बहीण पुण्यात, आई म्हातारी, आणि बँकेतला माणूस सांगतो, 'सगळ्यांच्या सह्या आणा.' अशा शेतकऱ्याची ही अडचण खरी असते. ती तुमच्या संमतीपत्रानं सुटते, त्यासाठी हक्क सोडावा लागत नाही. पण कारण वेगळं असेल, म्हणजे जमिनीला गिऱ्हाईक आलंय, शेजारून रस्ता जाणार आहे, भूसंपादनाचे पैसे येणार आहेत, तर प्रश्नाचं वजन बदलतं. अशा वेळी मोबदला हक्कदारांत वाटला जातो, आणि हक्क सोडून बसलेल्या बहिणीकडे मागण्यासारखं काही उरत नाही. म्हणून आधी कारण विचारा. सरळ, प्रेमानं, फोनवर नाही तर समोर बसून.

त्याआधी कागद हाताशी घ्या. सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा उतारा) ऑनलाइन निघतात. ज्या फेरफारानं २००३ मध्ये नावं लागली त्याची नक्कल काढा. वारसांची यादी त्यात असते, तुमचं नाव इतर हक्कात कुणाच्या जबाबावरून गेलं तेही कळतं. जमलं तर आजोबांच्या काळापासूनचे जुने उतारे आणि फेरफार तहसील कार्यालयातून मागवा. याला फार पैसे लागत नाहीत आणि कुणाची परवानगीही लागत नाही. हे कागद पाहिल्याशिवाय कुठल्याही वकिलाचं मत अर्धवटच राहील, माझंसुद्धा.

मग तुमच्यापुढे बरेच रस्ते आहेत. नवरा आणि लेक म्हणतात ते दोन त्यात आहेत, पण तेवढेच नाहीत.

सगळं जाणून घेऊन, मनापासून, भावांना हिस्सा सोडावासा वाटला तर जरूर सोडा. बहिणीनं स्वखुशीनं दिलेलं दान कमी मोलाचं नाही. फक्त दोन गोष्टी लक्षात असू द्या. पहिली, रक्ताच्या नात्यात मोबदला न घेता वडिलोपार्जित हिस्सा सोडला तर मुद्रांक शुल्क नाममात्र असतं. पैसे घेऊन सोडला तर बाजारभावावर शुल्क लागतं, त्यामुळे 'कागदावर विनामोबदला लिहू, पैसे नंतर देतो' असं सुचवलं जातं. असं करू नका. पैसे ठरले असतील तर ते दस्तात लिहिलेले आणि सही करतानाच बँकेतून मिळालेले असावेत. दुसरी गोष्ट, तुमच्या सासरी शेती नसेल तर सातबाऱ्यावरचं हे नाव हाच तुमच्या शेतकरी असण्याचा पुरावा आहे. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला सहजी शेतजमीन विकत घेता येत नाही. पुण्यात राहणारी कितीतरी माणसं ज्या शेतकरी दाखल्यासाठी धावपळ करतात, तो तुमच्याकडे आहे. सही केलीत तर तुमच्यासकट तुमच्या मुलीच्याही हातून तो जाईल.

दुसरं असं करता येईल, आणि तुमच्या मनाला बहुधा हेच जवळचं वाटेल: नाव ठेवायचं, कसायचं भावांनी. तुमचं आणि आईचं नाव इतर हक्कातून कब्जेदार सदरी आणण्यासाठी तहसीलदारांकडे अर्ज करायचा, आणि पीककर्जासाठी, अनुदानासाठी लागतील तेव्हा संमतीपत्रं द्यायची. पिकातलं काही घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. वर्षाला दोन पोती ज्वारी घेणाऱ्या बहिणी मी पाहिल्या आहेत, आणि त्या पोत्यांवरून त्यांच्या घरात कधी भांडण झालेलं नाही. संमतीपत्रात मात्र ते कशासाठी, किती रकमेसाठी, कुठल्या वर्षासाठी हे स्पष्ट लिहिलेलं असू द्या.

भावांना स्वतंत्र सातबारा हवाच असेल तर सगळ्यांच्या संमतीनं तहसीलदारांकडून जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटप करून घेता येतं. यात तुम्ही पाव हिस्साच घ्यावा असंही नाही. पाटाखालची जमीन भावांना आणि तुम्हाला जिरायतातला एक लहान तुकडा, असं ठरलं तर तेही चालतं. फक्त पाच-दहा गुंठ्यांचे तुकडे पाडायचे झाले तर तुकडेबंदी कायदा आडवा येऊ शकतो, तो आधी तपासा. गावातलं राहतं घरही या चर्चेत आणा. जमिनीच्या गडबडीत घर सगळे विसरतात, आणि तुमचा हिस्सा त्यातही आहे.

यातलं काहीच जमलं नाही, भाऊ ऐकेनात, किंवा तुम्हाला न विचारता जमीन विकायला निघाले, तर दिवाणी कोर्टात वाटपाचा दावा आहेच. दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्यायला वकिलाला सांगा; महाराष्ट्रात ती नोंदवली म्हणजे दाव्याच्या काळात जमीन घेणारा त्या निकालाला बांधील राहतो. खर्चाच्या भीतीनं थांबू नका. मालमत्तेच्या वादात स्त्रियांना कोर्ट फीची माफी राज्यात १९९४ पासून आहे. शिवाय विधी सेवा प्राधिकरणाच्या कायद्यानुसार कुठल्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. जिल्हा आणि तालुका कोर्टाच्या आवारातच त्यांचं कार्यालय असतं, फोन नंबर १५१००. तुमच्या लेकीला हे दाखवा, तिला बरं वाटेल. पण तिला हेही सांगा की असा दावा बरीच वर्षं चालतो आणि आईला त्यातला प्रत्येक दिवस बघावा लागेल. दाव्याआधीची मध्यस्थीही याच कार्यालयात होते. तिथं दोन्ही बाजू बसवून बोलणं झालं तर पुष्कळदा कोर्टाची पायरी चढायची वेळच येत नाही.

तोवर सांभाळायचं ते एवढंच. कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही करू नका. 'वारस नोंदीसाठी', 'केवायसीसाठी', 'तलाठ्यानं मागितलंय' असं म्हणून पुढे केलेला कागद पूर्ण वाचल्याशिवाय सही देऊ नका. कुलमुखत्यारपत्र तर देऊच नका, त्या एका कागदावर दुसरा माणूस तुमच्या नावानं सगळं करू शकतो. मसुदा आठ दिवस आधी मागून घ्या, त्यांच्या वकिलापेक्षा वेगळ्या वकिलाला दाखवा. आणि भाऊबीज हा दिवस रजिस्टर ऑफिसचा नाही. तुम्ही ओवाळायला जा, जेवा, मुक्काम करा. भावाला एवढंच म्हणा: 'दादा, मी नाही म्हणत नाही. कागद बघते, समजून घेते, मग ठरवते. तोवर कर्जाला सही लागली तर सांग, मी येते.' या वाक्यानं माहेर तुटेल असं मला वाटत नाही. 'सही केली नाही तर माहेर तुटेल' हे तुम्ही मनात धरलंय. भावानं तसं म्हटल्याचं तुमच्या पत्रात कुठं नाही.

शेवटी आईबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त काळजी तिची आहे. तुमच्यासारखाच तिचाही पाव हिस्सा आहे, दीड एकर. ती अंगठा द्यायला तयार आहे हे तुम्हाला भावानं सांगितलंय, आईनं नाही. तुमच्याकडे नवरा आहे, पुण्यात घर आहे. तिच्याकडे या जमिनीशिवाय स्वतःचं असं काय आहे? तिनं हक्क सोडला आणि उद्या कोणी सांभाळलं नाही, तर ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याखाली असा दस्त रद्द करून मागता येतो. पण सांभाळण्याची अट दस्तात लिहिलेली नसेल तर ते फार अवघड जातं. तिनं काहीही न सोडणं सगळ्यात चांगलं. हयातीत नाव तिचंच राहू द्यावं, पुढचं तिला वाटेल तसं तिनं मृत्युपत्रात लिहावं. भाऊबीजेच्या मुक्कामात रात्री तिच्याशेजारी अंथरूण टाका आणि घरातले सगळे झोपल्यावर तिला एकटीला विचारा, 'आई, तुला काय हवंय?' मला वाटतं, हे तिला अजून कोणी विचारलेलं नाही.